जाहीर केलेले : शून्य

रविवार, अकरा तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे ठीक आहे, तिकडेही असावं. आईचा गुडघा आता कमी कुरकुरतो. आई तेवढीच कुरकुरते. भाऊजींना नमस्कार, छोटीला पापा.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. आधी जे घडलं ते क्रमाने मांडते. निदान काय घडलं यावर तरी आपला वाद नको.

१. मंगळवारी शाळा साहाय्य विभागाच्या फेररचनेची बैठक झाली. अध्यक्षस्थानी मोठ्या बाई, समोर तुम्ही फिरते मार्गदर्शक, पडद्याजवळ मी.

२. मी समता तपासणीचा मसुदा दाखवला. म्हणजे या बदलाचा भार कुठल्या मुलांवर आणि कुठल्या कर्मचाऱ्यांवर इतरांपेक्षा जास्त पडेल, त्याचा हिशेब.

३. कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात विभागातले सगळे होते. मार्गदर्शक, आणि कार्यालयात बसणारे आम्हीही.

४. त्यात एक ओळ अशी होती : 'अपंगत्व. जाहीर केलेले : शून्य. परिणाम : नाही.'

५. मोठ्या बाईंनी विचारलं, या ओळीबद्दल कुणाला काही म्हणायचं आहे का. कुणी काही म्हणालं नाही.

६. मी म्हणाले, "नक्की?"

७. तेव्हा मी तुझ्याकडे पाहत होते. मग इतरांनीही पाहिलं.

८. तू पिशवी उचलून बाहेर गेलीस. जिन्यातला दिवा अजून लावलेला नव्हता. तुझ्या जोडीचे गणिताचे सर तुझ्यामागे धावले.

सहाव्या मुद्द्याबद्दल एवढंच सांगते की तो शब्द मी ठरवून उच्चारला नव्हता. ठरवल्याशिवाय मी बोलत नाही हे तुला माहीत आहे, त्यामुळे तुला हे पटणार नाही. पटावं असा आग्रहही नाही.

मीही जिन्यात आले होते. वळणावर तू कठडा धरून उभी होतीस, तुझी चप्पल पुढची पायरी चाचपत असल्याचं ऐकू येत होतं. सरांनी तुझा हात धरला नाही, फक्त एक पायरी खाली जाऊन बोलत राहिले, म्हणजे आवाजावरून तुला पायरी कळेल. त्यांना माहीत आहे हे मला तिथे कळलं. किती वर्षं माहीत आहे ते विचारणार नाही. तू मला म्हणालीस, "तुझा एक रकाना भरावा म्हणून मी माझ्या पोरीच्या कपाळावर शिक्का मारून घेऊ?" त्याचं अर्धंमुर्धं उत्तर आता आहे, म्हणून हे पत्र.

आपल्या घरात त्या गोष्टीला कधी नाव नव्हतं. रातांधळेपणा हा शब्द मी पुस्तकात वाचला, तोही दुसऱ्याच कुणाबद्दल असावा तसा. बाबा उजेड असेपर्यंतच शिवणाचं दुकान उघडं ठेवायचे. मग सगळे म्हणायचे, काय घरवेडा माणूस आहे, धंद्यापेक्षा बायकोमुलं मोठी. बाबा हसायचे. आई अजून तेच सांगते. परवा मी तिला विचारलं की बाबांना दिसत नव्हतं हे तू लोकांना का नाही सांगितलंस, तर म्हणाली, "झाकली मूठ होती, झाकलेलीच बरी होती. दुकान चाललं ना? तुम्ही दोघी शिकलात ना?" आणि मग, "तुम्हा दोघींचं काय बिनसलंय? तीही फोनवर अशीच तुटक बोलते. डोकी ठिकाणावर ठेवा जरा." मी काही बिनसलेलं नाही असं सांगितलं. आईने ते मानलं नाही आणि पुढे विचारलंही नाही. आपल्या घराची ही पद्धत मला चांगली येते.

तुझी मूठही तशीच झाकलेली राहिली, आणि लोकांनी तिच्यावर तशीच छान नावं लिहिली. वर्ग पाहायला गेलीस की तू खिडकीजवळच्या बाकावर बसतेस, कारण पावसाळी दिवशी वर्गाच्या मागच्या टोकाला तुला वहीवरची अक्षरं दिसत नाहीत. शिक्षकांना वाटतं ती तुझी पद्धत आहे. गेल्या वर्षी नव्या मार्गदर्शकांसाठी पुस्तिका निघाली, तिच्यात छापलं आहे : 'निरीक्षकाने शक्यतो खिडकीजवळ बसावे, त्यामुळे वर्गाचे स्वाभाविक चित्र दिसते.' हे वाचून मी जेवणाच्या सुट्टीत एकटीच हसले. आता आख्ख्या जिल्ह्यातली धडधाकट डोळ्यांची माणसं खिडकी शोधत फिरतात. आणि गंमत म्हणजे त्याने काही बिघडलेलं नाही.

आता फेररचनेचं. तुला हे सगळं माहीत आहे, तरी लिहिते. मांडल्याशिवाय मला विचार करता येत नाही.

आज मार्गदर्शक जोडीने फिरतात. गणिताचे सर गाडी चालवतात, तू शेजारी बसतेस. नव्या रचनेत जोड्या मोडतात. प्रत्येकाला स्वतंत्र भाग, स्वतःची गाडी, आणि शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या बैठका. थंडीच्या महिन्यांत त्या बैठका संपेपर्यंत काळोख झालेला असतो. नव्या जागेच्या जाहिरातीत 'वाहन चालवता येणे आवश्यक' असं आहे. ही अट कुणी दुष्टपणाने घातलेली नाही. कुणीतरी जुन्या जाहिरातीतून उचलून डकवली आहे. पण ती तिथे राहिली तर तुला अर्जच करता येणार नाही, आणि ज्यांनी अर्ज केला नाही त्यांची नावं अतिरिक्त कर्मचाऱ्यांत जातील. तू जाशील आणि कारण कुठेच नोंदलेलं नसेल. लोक म्हणतील, घरची जबाबदारी होती बिचारीला.

गणिताचे सर बुधवारी माझ्या टेबलाशी आले होते. तुझ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पाणी प्यायले, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, पोरी?" आणि मग, "पण आडात आहे हे तुला माहीत असेल तर पोहऱ्याला दोष देऊ नकोस." मी म्हटलं, मी फक्त पोहऱ्यापुरती, तक्त्यापुरती, जबाबदार आहे. ते म्हणाले, हो का, आणि गेले. माणूस चांगला आहे. टोमणा मारतानाही गणितासारखा पायरीपायरीने मारतो.

मुलांच्या तक्त्याबद्दलही सांगते, कारण त्यावर मी जास्त मेहनत घेतली आणि त्याबद्दल मंगळवारी कुणी ब्र काढला नाही. नवी रचना म्हणते, शाळांनी मदत मागावी, मग आपण जाऊ. ऐकायला बरं वाटतं. मी मागच्या नोंदी काढून पाहिल्या. मदत सर्वांत जास्त कोण मागतं? ज्यांना सर्वांत कमी गरज आहे ते. त्यांच्याकडे अर्ज लिहायला कारकून आहे, पालक विचारणारे आहेत, मुख्याध्यापकांना साहेबांशी बोलायची सवय आहे. नदीपलीकडच्या शाळेने एकदाही फोन केलेला नाही. तिथल्या निम्म्या मुलांच्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे. तिथल्या मुख्याध्यापिका कुणी विचारलं तर सांगतात, आमचं चाललंय.

तू तिथे न बोलावता गेली होतीस. तिसरीची मुलं वाचनात मागे का, याचं कारण शिक्षकाला माहीत नव्हतं, मुख्याध्यापिकांना नव्हतं आणि माझ्या आकड्यांना तर नव्हतंच. तू दोन दिवस खिडकीत बसलीस आणि पाहिलंस की वर्गावरच्या सरांचे प्रश्न दाराकडच्या कोपऱ्यात कधी जातच नाहीत. तिथली मुलं हळू बोलतात, उत्तर यायला वेळ लागतो, आणि सरांना धडा पुढे न्यायचा असतो. तू त्यांना वर्गात काही म्हणाली नाहीस. बाहेर पडताना सहज म्हणालीस, सर, उद्या सुरुवात दाराकडून करून बघा ना. तुझा हा प्रसंग मी अहवालात घातला होता, नावाशिवाय. मोठ्या बाईंनी तो काढायला लावला. म्हणाल्या, किस्सा आहे, पुरावा नाही. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण अशा गोष्टीसाठी कोणती शाळा फोन करणार आहे? काय सांगणार आहे फोनवर?

मसुदा मी तीनदा लिहिला. पहिल्यात 'प्रतिकूल परिणाम' होता. दुसऱ्यात 'काही प्रमाणात प्रतिकूल'. तिसऱ्यात 'परिणामाची शक्यता, ज्यावर लक्ष ठेवले जाईल'. कोण ठेवणार लक्ष, ते लिहायला जागा नव्हती. मोठ्या बाईंना मी वाईट म्हणत नाही. त्यांना वरून विभाग निम्मा करायला सांगितलं आहे आणि त्या तो सभ्यपणे निम्मा करत आहेत. आपण बहिणी आहोत हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग तर तू जास्तच काटेकोर राहशील." बरोबर ओळखलं त्यांनी मला.

शून्याच्या ओळीवरही आम्ही बोललो होतो. बैठकीआधी. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या विभागात शून्य हा आकडा मला खरा वाटत नाही. त्या थकलेल्या होत्या, चष्मा काढून डोळे चोळत होत्या. म्हणाल्या, "शून्य मलाही खरं वाटत नाही. पण शून्यावर कुणी वाद घालत नाही, हा त्याचा गुण आहे."

आता नियम सांगते, कारण तुझ्या शिक्क्याच्या प्रश्नाचं माझं अर्धं उत्तर त्यात आहे. तक्त्यात कुठल्याही गटात पाचांपेक्षा कमी माणसं असतील तर आम्ही आकडा छापत नाही, फुली मारतो. एवढ्या थोड्यांतून माणूस ओळखू येऊ नये म्हणून. म्हणजे तू कळवलंस तर तिथे 'एक' येणार नाही, फुली येईल. नाव कर्मचारी विभागातल्या एका बाईंना कळेल, आणि पुढे तुझ्या परवानगीशिवाय जाणार नाही. पण त्या फुलीने 'परिणाम : नाही' हे शब्द खोडावे लागतात. मग गाडीची अट कुणासाठी आणि का, याचं लेखी उत्तर द्यावं लागतं. मग जोडी ठेवता येते, बैठका दुपारी घेता येतात. मी हे मोठ्या बाईंना तोंडी विचारून घेतलं आहे, तुझं नाव न घेता. त्या म्हणाल्या, "असं कुणी असेल तर मला करावंच लागेल." 'करावंच लागेल' म्हणाल्या, 'करायला आवडेल' नाही. मला तेवढं पुरतं.

नियमाची दुसरी बाजू लपवत नाही. कागदावर फुली असली तरी कार्यालयाला डोळे आहेत. मंगळवारी माझ्यामुळे सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. त्यानंतर फुली आली तर ती कुणाची हे ओळखायला फार अक्कल लागणार नाही. हे माझ्यामुळे झालं. ते मला परत घेता येत नाही.

इथपर्यंत पत्र सकाळी लिहून झालं होतं. आता वाचलं आणि लक्षात आलं की सगळं बरोबर आहे आणि तरी अपुरं आहे. सोमवारच्या टपालात टाकायचं तर उरलेलं आजच लिहिलं पाहिजे.

छोटीचं आधी. मागच्या महिन्यात मी आले होते तेव्हा शेजारची मुलं लपाछपी खेळत होती. दिवेलागणीची वेळ होती. छोटी बोळाच्या तोंडाशी थांबली आणि म्हणाली, मला नाही खेळायचं. मुलं चिडवत होती तरी हलली नाही. तू स्वयंपाकघराच्या दारात होतीस, मी बाकड्यावर. तू पाहिलंस, मी पाहिलं, आणि मग आपण दोघी भाऊजींच्या बदलीबद्दल बोलायला लागलो. मुलं अंधाराला भितातच. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. पण ताई, शिक्का मारायला मी कोण किंवा तू कोण? असेल तर तो आधीच मारलेला आहे, आणि तो कपाळावर नाही. तिला तो आहे की नाही हे तिला कुणीतरी सांगायला हवं. तिने खिडकी शोधत फिरावं आणि लोकांनी त्याला तिची हुशारी म्हणावं, एवढं एकच वळण तिच्यापुढे असू नये.

आता माझं.

मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. बैठकीच्या आधी. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची असते, एक डोळा झाकायचा, नजर मधल्या खुणेवर ठेवायची आणि कडेला कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. सोपं आहे. मला अशी कामं आवडतात. मी मन लावून दाबत होते. मग ठिपके यायचे थांबले. मी थोडा वेळ वाट पाहिली, चाचणी संपली असं समजून हनुवटी उचलली आणि पिशवी घ्यायला वाकले. चाचणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, बसा ना. अजून चालू आहे."

डॉक्टर म्हणाले, मध्यभाग उत्तम आहे, कडा जात आहेत, सावकाश. घरात कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वडिलांना असावं, खात्री नाही. बहिणीबद्दल काही बोलले नाही. सवय.

म्हणजे मंगळवारी पडद्यावर जी ओळ होती ती तुझ्या बाबतीत खोटी होती तशी माझ्याही बाबतीत होती. ती मीच टाइप केली होती. 'नक्की?' हे मी तुला विचारलं असं सगळ्यांना वाटलं. तुलाही. मी तुझ्याकडे पाहिलं ते खरं, पण तू काही बोलशील म्हणून नाही. तिथे मला दुसरीकडे कुठे पाहावं ते कळेना.

तू विचारशील, मग तू तुझं जाहीर का करत नाहीस, माझ्या मागे का लागलीस. प्रश्न रास्त आहे. करणार आहे. पण मी टेबलावर बसते, मला गाडी चालवायची नाही. माझ्या एकटीमुळे शून्य जाईल, गाडीची अट जाणार नाही. आणि दुसरं असं की हा आजार घरातून आलेला आहे हे कागदावर लिहावं लागतं, आणि तो कागद वाचणाऱ्या कर्मचारी विभागातल्या बाईंनाही आपण बहिणी आहोत हे माहीत आहे. माझं सांगणं म्हणजे अर्धं तुझंही सांगणं. ते मी तुझ्या पाठीमागे करणार नाही. एकदा तुझ्या समोर करून पाहिलं, तेही नीट झालं नाही.

तेव्हा असं आहे. तू हो म्हणालीस तर शुक्रवारी सकाळी आपण दोघी एकत्र जाऊ आणि आपापला अर्ज देऊ. सरांना तुला सोडायला सांगते, किंवा मी बसथांब्यावर घ्यायला येते. तू नाही म्हणालीस तर मी माझंही सांगणार नाही. पण त्या तक्त्याखाली सही करणार नाही. शुक्रवारी दुपारी मसुदा वर जातो, तो दुसऱ्या कुणाच्या सहीने जाईल. मोठ्या बाई कारण विचारतील, मी देणार नाही. त्याचे माझ्या नोकरीवर काय परिणाम होतील त्याचा अंदाज मी केला आहे. तो तुझ्या उत्तरात धरू नकोस. तो तुझा रकाना नाही.

तुला राग आहे हे मला मान्य आहे. तो संपल्यावर उत्तर दे असं मी म्हणू शकत नाही, तेवढा वेळ नाही. रागातच दे. दोन शब्द पुरेत, आईच्या हाती निरोप दिलास तरी चालेल, ती दोघींना चार शब्द सुनावेल तेवढंच. काहीच आलं नाही तर त्याचा अर्थ 'नाही' आहे असं मी धरणार नाही. मी फक्त अडकून पडेन.

एक राहिलं. त्या दिवशी जिन्यात तू कुठे पाय ठेवतेस ते मला दिसत नव्हतं. मीही कठडा धरूनच उतरले.

हो किंवा नाही, गुरुवारपर्यंत कळव.

तुझी,
धाकटी